तिसरं भोक

पौष शुद्ध ४, मंगळवार
अप्पांची सनई गेली. थंडीनं लाकूड उललं, तोंडापासून चौथ्या भोकापर्यंत चीर. दोरा गुंडाळला, मेण थापलं, फुंकून बघितलं. फुटका भाता बरा.

शिवरात्रीला महादेवाच्या पालखीपुढं आम्हा गुरवांची सनई वाजते. अप्पांच्या अप्पांपासून हा मान आमचा. यंदा वाजली न्हाई तर पंच औरादचा ताफा आणणार, एकानं तोंडावर सुनावलं. औरादवाले! त्यांच्या हातात फुंकणी द्यावी आन चुलीपुढं बसवावं.

नवी सनई करणारा या भागात एकच, चिंताकीचा मस्तानसाब खरादी. आन त्याच्या सनईचं तिसरं भोक दर वेळी चढं. बारा गावचे वाजंत्री भोकात मेण भरून सूर उतरवतात आन त्याच्या नावानं बोटं मोडतात. माझ्याकडं पण त्याची एक आहे, पेटीत कुजायलीय. ठरवलं, आपली सनई आपण कातायची. खराद त्याचा, कान माझे.

पौष शुद्ध ८, शनिवार
चिंताकी. अक्काच्या घरी उतरलो. भावोजी हसले. हसू दे. ढोरं हाकण्यापलीकडं काय केलंय त्यांनी?

मस्तानसाबाकडं गेलो. पन्नाशीचा गडी, दाढीत भुसा. अंगणात पाळण्याचे खूर रचलेले, चारात एक सरळ असंल तर शपथ. मी काय पाहिजे ते सांगितलं. ऐकून घेतलं आन म्हणाला, आधी लाटणं करा. मी गुरव, पालखीपुढं वाजवणारा, मला लाटणं करा म्हणतो.

त्याच्या डाव्या हाताचं तिसरं बोट, करंगळीशेजारचं, पेरभर न्हाई. ज्याला स्वतःचं बोट सांभाळता आलं न्हाई तो मला हात कसा धरायचा ते शिकवणार. वहीत त्याला थोटा लिहीन. नाव लांब आहे.

पौष शुद्ध १२, बुधवार
लाटणी झाली चार. चौथं बरं आलं, अक्कानं ठेवून घेतलं. खराद म्हणजे दोन ठोकळे, मधे लाकूड, लाकडाला चामड्याची वादी. थोट्याची बायको, बूबू म्हणतात तिला सारे, ती वादी ओढती. ओढली की लाकूड आपल्याकडं फिरतं, सोडली की उलटं. आपल्याकडं फिरताना हत्यार टेकवायचं, उलटं जाताना उचलायचं. एवढं कळायला दोन दिवस लागले. कबूल करायला लाज वाटती.

बसायच्या आधी उपरणं काढून खुंटीला लावायला सांगतो. धोतराचा सोगा खोच, बाह्या वर कर, हातातलं कडं काढ. मी म्हणलं, अंगावर काय ठेवू ते सांग. "कातडी," म्हणाला.

पौष वद्य १, रविवार
आजपासून भोक. बाभळीच्या टाकाऊ तुकड्यावर. लाकडाची दोन्ही टोकं ठोकळ्यांतून बाहेर येतात, एकातून गिरमिट घालायचं. हातभर लांब सळई, टोकाला चमच्यासारखं पातं.

थोट्याचे नियम: आधी टोकाला बरोबर मधोमध खळगा पाड, न्हाई तर पातं भटकतं. दोन्ही हातांनी धर. पातं दोन बोटं आत गेलं की बाहेर काढ, भुसा काढ, मग परत. दाबू नको, लाकूड स्वतः खाईल. गरम झालं की थांब, तेल लाव. हे सारं तो दिवसात वीसदा म्हणतो. पोपट पाळल्यागत झालंय.

भुसा अडकला म्हणून भोकाला तोंड लावून फुंकला. सारा डोळ्यांत आला. थोट्यानं बांबूची काडी पुढं केली. काडीनं काढायचा म्हणे, लाकूड थांबल्यावर. मी म्हणलं, माझ्या फुंकीवर पालखी हालते. तो म्हणाला, तुम्ही फुंकता तवा पालखी थांबलेली असती.

मोठा आला शहाणा. तिसरं भोक नीट पाडायला जमंना आन मला फुंकायला शिकवतो.

पौष वद्य ३, मंगळवार
उजव्या हातानं लिहायलोय. तो ठीक आहे.

शिसवाचा पहिला तुकडा. सकाळपासून सुरेख चाललेलं, पातं मधोमध, भुसा काडीनं. चार बोटं लाकूड राहिलं असंल. गिरमिट पलीकडं कुठं निघतंय ते कळावं म्हणून डावा हात सोडला आन पलीकडच्या टोकावर तिसरं बोट ठेवलं. वाजवणारा माणूस तेच करणार. आमच्यात लाकूड बोटानं ऐकतात, आन त्यातही तिसऱ्या बोटानं. अप्पांनी तसंच शिकवलं. एका हातानं दाबलं ते जास्त दाबलं गेलं. पातं एकदम आरपार आलं.

बूबूनं वादी हातातून टाकली म्हणून लाकूड थांबलं, न्हाई तर हाड गेलं असतं. बोटाच्या पोटावरचं मांस गेलं, नख राहिलं. थोट्यानं स्वतःचा रुमाल फाडून बांधलं. हळद, चुना, वर चिंधी. मग गिरमिटाचं रक्त पुसून ठेवलं. त्याच्या जागी मी असतो तर आधी दहा शब्द सुनावले असते.

पौष वद्य ५, गुरुवार
ठणका. अक्का म्हणती, "कामून गेलतास तिथं? विकत घ्यायची, मेण लावायचं, सारं जग तसंच करतंय." बरोबर आहे तिचं. म्हणूनच राग आला.

शिवरात्रीला चाळीस दिवस पण न्हाईत.

पौष वद्य ११, बुधवार
रुमाल परत द्यायला गेलो. म्हणजे, नवा रुमाल. मस्तानसाब बाजारला गेलेला. बूबूनं बसा म्हणलं, पाणी दिलं. भिंतीला फडक्यात गुंडाळलेलं काही तरी लटकत होतं. लांबीवरून मला कळलं. विचारून काढलं.

जुनी सनई. काळीभोर, तोंडाशी चांदीची कडी. असं लाकूड अप्पांच्या सनईला पण नव्हतं. बोटं ठेवायला गेलो आन थबकलो. तिसरं भोक दोनदा पाडलेलं. मूळचं लाखेनं बुजवलेलं, आन त्याच्या जरा वर दुसरं. आखूड बोट जिथं पोचंल तिथं.

बूबू म्हणाली, हे दर्ग्याच्या नौबतखान्यात वाजवायचे, आमच्या निकाहाच्या आधी. पुढं स्वतःसाठी नवी सनई कातताना बोट गेलं. पलीकडं बोट लावून बघत होते, म्हणाली. तिनं माझ्या चिंधीकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग समजलं. भोकांच्या खुणा करताना तो लाकडावर आपला हात ठेवतो आन बोटांपाशी कोळशानं ठिपके देतो. मी स्वतः बघितलंय, तीनदा. प्रत्येक सनईचं तिसरं भोक त्याच्या तुटक्या बोटाच्या जागी. आन आम्ही बारा गावचे दीडशहाणे त्यात मेण भरायलोत आन म्हणायलोत, याला सूर कळंना.

तो आल्यावर विचारलं, सांगितलं कामून न्हाई.

"तुम्ही विचारलात कुठं, गुरवअण्णा," म्हणाला, आन पाळण्याच्या खुराला लागला.

माघ शुद्ध ५, शुक्रवार
चिंधी काढली. बोट टोकाला चपटं झालंय, कातडी जाड. घरच्या पेटीतली मस्तानसाबाची सनई मागवून घेतली, मेण खरवडून काढलं, वाजवली. तिसऱ्या भोकाशी हवा निसटती. बोट पडतं जागेवर, पण टोकाला मांस न्हाई, भोक मिटंना. चार दिवस झाले, तेच.

बाजारात औरादचा सनईवाला भेटला. बोट बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "काय गुरव, थोटा झालास काय?" लोक हसले. घरी येऊन ही वही चाळली. त्या शब्दाशिवाय पान सापडंना. खोडायला बसलो, मग राहू दिलं. लिहिलं मीच होतं.

माघ वद्य ४, शुक्रवार
शिसवाचा दुसरा तुकडा आरपार झाला. मधोमध खळगा, दोन्ही हात गिरमिटावर, दोन बोटं आत की बाहेर, काडी, तेल. शेवटची चार बोटं राहिली तवा मस्तानसाबानं बूबूला हळू म्हणून खूण केली, आन मला फक्त "हात" म्हणाला. हात जागेवरच होते. पातं बाहेर निघालं ते मोकळ्या हवेत.

उजेडाकडं धरून भोकातून बघितलं. सरळ. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाला नाव ठेवायला काही सापडलं न्हाई, आन ते काम माझं होतं.

माघ वद्य ११, शुक्रवार
सनई कातून, घासून, तेल पाजून तयार. सहा भोकं पाडली. तिसरं राहिलं. शिवरात्र सोमवारी.

मस्तानसाबानं कोळसा हातात दिला, हात ठेवा, खूण करा म्हणाला. ठेवला. बाकीची बोटं बरोबर भोकांवर. तिसऱ्याचं जिथं मांस उरलंय ते, अप्पांच्या सनईच्या मापापासून, जोंधळ्याच्या दाण्याएवढं मागं राहतं. मापावर पाडलं तर सूर खरा, पण ऐन पालखीत बोटाखालून हवा निसटंल. बोटावर पाडलं तर भोक मिटंल, पण सूर चढंल, आन औरादवाले मेण घेऊन उभेच आहेत.

तुम्ही काय केलं असतं, विचारलं. या वेळी विचारलं तरी.

"मी काय केलं ते भिंतीला टांगलंय," म्हणाला.

खूण न करताच उठलो. कोळसा खिशात आला, सदरा काळा झाला, अक्का ओरडली. रविवारी गाडी आमच्या गावाकडं, ठाणाकुशनूरला निघती. तोपर्यंत खराद मोकळा ठेवतो म्हणालाय, बूबू पण घरीच आहे.