शेवटचं कडवं

तीर्थरूप ताईस, इतक्या दुरून वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. लेकाच्या घराजवळच्या शाळेत मुलींना धावायला शिकवतो, हौसेनं, बिनपगारी. तुझा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट घडली, घाबरू नकोस. तू मला बोट धरून शाळेत नेताना म्हणायचीस ती कविता मी मैदानाच्या कडेला उभा राहून म्हणतो. कविता संपली की मुलींनी थांबायचं, असा माझा नियम. मंगळवारी शेवटचं कडवंच आठवेना. आत्ता आठवेल म्हणत, डोळे मिटून मी तिसरंच कडवं घोळवत राहिलो. डोळे उघडले, तर सगळ्यांत धाकटी लंगडत पळत होती.

"अगं, थांबायचं नाही का?"

"आजोबा, तुमची कविता कुठं संपली होती?"

नडगीचा एक्स-रे काढलाय, उद्या कळेल. हाड तडकलं असेल, तर तिच्या यंदाच्या स्पर्धा गेल्या. तेच टोचतंय. सूनबाईला वाटतं, मला भूक नाही.

ते कडवं तुला येत असेल, तरी इतक्यात पाठवू नकोस. मी शिट्टी आणली आहे. उद्या आधी त्या पोरीच्या घरी जाईन. मैदानावर नंतर, शाळेनं येऊ दिलं तर.

तुझा धाकटा