येशूला पण नाक होती

अमरावती,
६ मार्च २०२५

प्रिय शकुन हिस,
ताराचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

संक्रांतीचं तुझं पत्र आणि तिळाच्या वड्या पोचल्या. उत्तराला उशीर झाला. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने जोडतेस. शिवाय या घरात काहीही बोललं तरी पलंगापर्यंत ऐकू जातं. म्हणून लिहिते.

तुझ्या दादाचा पाय सडला आहे. दिवाळीत अनवाणी देवळात गेले, डाव्या अंगठ्याला ठेच लागली. साखर तीनशेच्या खाली उतरत नाही आणि पेढा सुटत नाही. आता अंगठा नि शेजारचं बोट कोळशासारखं झालंय, तळव्याला भोक पडलंय. परवा पट्टी सोडली तर आत अळी वळवळत होती. शकुन, मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, अळी मला नवी नाही. पण ज्या माणसाला पंचेचाळीस वर्षं ताट वाढलं, त्याच्या पायात ती पाहिली आणि चिमटा टाकून अंगणात पळाले.

वास घरभर आहे. भातालाही येतो. गंगूबाई दोन दिवस तोंड बांधून आली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाई, माह्याच्यानं होत नाही, आणि गेली. आमच्या लेकाने, शुभंकरने, पुण्याहून गुलाबाच्या वासाचा फवारा पाठवला. आता घरात गुलाबाच्या बागेत उंदीर मेल्यासारखं वाटतं. फवारा पाठवला, स्वतः आला नाही.

डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली पाय काढला तर माणूस वाचेल. तुझा दादा नाही म्हणतो. भोग आहे, भोगून संपवीन म्हणतो. चाळीस वर्षं कोर्टात लोकांच्या बाजू मांडल्या, स्वतःची मांडताना एवढंच वाक्य.

तू ये. तुझ्या शमुवेलरावांनी जन्मभर कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधल्या, तू त्यांच्याकडे पाहून शिकलीस. ते असते तर मी त्यांच्याच पाया पडले असते. दादा तुझं ऐकेल असं नाही, पण तू समोर आलीस तर काहीतरी हलेल.

आठवीतलं आपलं नाटक रोज आठवतं. दोन बहिणी, चार दिवसांपूर्वी मेलेला भाऊ, आणि येशू थडगं उघडायला सांगतो. मी थोरली बहीण होते. प्रभू, आता त्याला घाण येत असेल, असं म्हणताना मी नाकाला असा काही पदर लावला की अख्खा हॉल हसला. आता ते नाटक रोज दोनदा करते, हसायला कोणी नाही. तुम्ही म्हणता देव चांगला आहे. मग हे काय आहे, ते तुझ्या देवाला विचारून कळव.

लोभ आहेच, तो या वासाने उडून जाऊ नये.

तुझी,
तारा


अकोला,
११ मार्च २०२५

सौ. तारावहिनीस,
शकुनचा नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. मी येणार नाही.

तुला कारण माहीत आहे, पण एकदा कागदावर येऊ दे. ऑगस्ट त्र्याऐंशी. आबा गेल्याचं कळलं आणि मी नि शमुवेल पहिल्या गाडीने आलो. दादाने आम्हाला वरांड्यातच बसवलं. आमच्या आबांचं तोंड मी खिडकीच्या गजांतून पाहिलं. दादा म्हणाला, लग्न केलं तेव्हाच तू आमचं नाक कापलं, आता आणखी काय कापाले आली? पाणी आलं ते मोलकरणीच्या जर्मनच्या पेल्यातून. शमुवेलने ते पूर्ण प्यायलं आणि पेला उपडा ठेवला, म्हणजे कोणाला उचलायला त्रास नको. आमची पाठ फिरताच वरांडा धुतला गेला. शमुवेल ख्रिस्ती होता म्हणून, आणि महारोग्यांना हात लावणारा होता म्हणून. आता त्याच हातांची आठवण झाली का तुमच्या घराला?

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमच्या चर्चमधली चंदा बायकांना घेऊन प्रार्थनेला आली होती. माझ्या तोंडून दादाच्या पायाचं निघून गेलं. तिने डोळे मिटून हात वर केले. म्हणाली, देव चांगला आहे, शकुनताई, तुमचा अपमान विसरला नाही तो. आणि मग चिवडा खाल्ला, दोनदा घेऊन. माझ्या पेलाभर पाण्यासाठी बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पायात अळ्या सोडतो, असा देव मला कशाला हवा? तो तर बंडूदादाच झाला, फक्त आभाळात बसलेला. पण खरं सांगते, चंदा बोलली तेव्हा क्षणभर मला गोड लागलं. आता त्या गोडव्याची किळस येऊन राहिली आहे, चूळ भरून जात नाही.

तू विचारलंस ते. पाय साखरेने सडतो, पापाने नाही, हे तू मला शिकवायला हवं, मी तुला नाही. आणि देव साखर का वाढू देतो, ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं बोलणाऱ्या माणसांपासून मी लांब बसते.

नाटकानंतर सिस्टर क्लेमेन्स काय बोलल्या ते तू विसरलीस, कारण तू टाळ्या मोजत होतीस. केरळच्या त्या, मराठीतल्या सगळ्या अवयवांना स्त्रीलिंगी करायच्या. म्हणाल्या, गर्ल्स, हसू नका, येशूला पण नाक होती. आपण आणखीच हसलो. वर्षभर एकमेकींना विचारत होतो, तुझी नाक वाहते का ग? पण पुढे त्या म्हणाल्या की वास सगळ्यांना आला, त्यालाही आला. बाकीचे मागे सरले, तो रडला आणि थडग्याच्या तोंडाशी गेला. देव चांगला म्हणजे काय, हे मला आजवर एवढंच कळलं आहे. देवाला वास येतो आणि तो पदर लावत नाही. जो वर बसून आहे, ज्याला आपली घाण पोचतच नाही, त्याच्या चांगुलपणाचं काय करायचं?

पण मी देव नाही. माझ्या नाकावर राग आहे.

लोभ तुझ्यावर आहे. त्याच्यावर नाही, आणि ओढूनताणून आणणार नाही.

शकुन


अमरावती,
१९ मार्च २०२५

प्रिय शकुन,
नमस्कार, वि. वि.

सौ. तारावहिनीस असा मायना वाचला तेव्हाच कळलं, किती रागावलीस ते. शाळेपासून तू मला तारे म्हणतेस.

इकडे आमच्याही चंदा आहेत. परवा माणिकबाई मावशी अंगारा घेऊन आल्या. नाकाला पदर, त्यातूनच बोलत होत्या. म्हणाल्या, मागच्या जन्मी कोणाले लाथ मारली असन बंडूनं. अंगारा कपाळाला लावायचा होता तो लांबूनच उडवला, तो चहात पडला. जाताना अंगणातल्या नळावर स्वतःचे पाय घोट्यापर्यंत धुतले, दोनदा, आणि ओल्या पायांनी गेल्या. तुझा दादा खिडकीतून पाहत होता. संध्याकाळी मला विचारलं, आपल्या घरातही कोणी असं धुतलं होतं ना? मी विषय बदलला.

त्यांच्यापुढे बदलला, तुझ्यापुढे बदलवत नाही. शकुन, तो वरांडा मी धुतला. तो पेलाही मीच काढला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. ते आत आबांच्या उशाशी होते. मी तुझी मैत्रीण, एका डब्यात जेवलेली, आणि शमुवेलरावांची बोटं पेल्याला लागलेली पाहून मला शिसारी आली. सासरच्या भीतीने केलं असं म्हटलं तर सोपं जाईल, पण तसं नव्हतं. खराट्याने घासलं, वर गोमूत्र शिंपडलं. ते बाहेर आले, ओला वरांडा पाहिला आणि म्हणाले, बरं केलंस. एवढाच त्यांचा वाटा. बाकी सगळा माझा. त्याच हातांनी तुला बेचाळीस वर्षं पत्रं लिहिली. आता रोज जखम धुते तेव्हा ते घासणं आठवतं, आणि कोणाची किळस येते ते कळेनासं होतं.

डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. पोटरी तापू लागली आहे. पुढे गेलं तर गुडघ्यावरून कापावं लागेल, आणखी उशीर झाला तर तेही जमणार नाही. तुला ये म्हणायचा हक्क मला उरला नाही. हे फक्त कळवलं.

लोभ ठेवण्याजोगी उरले असेन तर ठेव.

तारा


अकोला,
२४ मार्च २०२५

प्रिय तारे,
वि. वि.

मला माहीत होतं.

त्या दिवशी मी छत्री विसरले होते. कोपऱ्यावरून परत आले तर फाटकातून तू दिसलीस. पदर नाकाला बांधलेला, शमुवेल बसला होता तीच फरशी तू घासत होतीस. मी तशीच फिरले. शमुवेलला सांगितलं, छत्री सापडली नाही. स्टेशनपर्यंत दोघं भिजत गेलो.

एवढं मात्र माहीत नव्हतं की दादाने सांगितलं नव्हतं. मी बेचाळीस वर्षं समजत आले की त्याच्या हुकमावरून केलंस. तुझ्यासाठी तेवढा एक आडोसा उभा करून ठेवला होता, तो तू स्वतःच पाडलास. दोन दिवस पत्र उशीखाली होतं, फाडायचं होतं.

मग तिसऱ्या दिवशी माझं मला आठवलं. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी शमुवेलच्या हातचं पाणी प्यायले नाही. कामावरून आला की अंगणात डेटॉलची बादली, दोनदा हात, मग घरात पाऊल. तांदळाच्या डब्याला हात लावू दिला नाही. तुझा पेला निदान जर्मनचा तरी होता, मी तर नवऱ्याला पेलाच दिला नाही, आणि वर धर्म सोडून प्रेम केलं म्हणून मिरवत होते. खूप वर्षांनी मी त्याला विचारलं, तुमची किळस कधी गेली? तो म्हणाला, गेली कुठे, रोज येते. तिला बाहेरच्या बाकावर बसवतो आणि आत जातो. निघताना ती तिथेच असते, सोबत घरी येते.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दादाला सांगू नकोस, नाहीतर तो दाराला कडी घालायला सांगेल. सलाइनच्या पाण्याच्या बाटल्या, गॉज आणि हातमोजे आणून ठेव. तो गुलाबाचा फवारा फेकून दे.

त्याला माफ केलं असं समजू नकोस. तुलाही अजून नाही. पट्टी बांधायला येते आहे.

लोभ होता म्हणूनच छत्रीचं कधी बोलले नाही.

तुझी,
शकुन


अमरावती,
५ एप्रिल २०२५

प्रिय शकुन,
ताराचा नमस्कार, वि. वि.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. गुडघा वाचला. ताप उतरला आहे, काल दोन घास वरणभात खाल्ला आणि मिठावरून भांडले, म्हणजे धोका टळला.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आधी माझा गुन्हा. तुझं चोवीस तारखेचं पत्र मी आदल्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं होतं, तू येणार ते सोडून. छत्रीपाशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू आलीस तेव्हा काहून आली, मजा पाहाले का, असं म्हणाले ते त्या तोंडाने. मजा पाहायला एवढ्या वासात कोणी येत नाही, हे तुझं उत्तर त्यांनी रुग्णालयात नर्सलाही ऐकवलं.

पट्टी अर्धी सोडून तू उठलीस आणि मोरीत ओकलीस ते आम्ही दोघांनी ऐकलं. ते मला म्हणाले, गेली. सुटल्यासारखे म्हणाले. मग तू तोंड पुसत आलीस आणि पुन्हा पाय मांडीवर घेतलास. वास येऊन रायला ना तुले, असं त्यांनी विचारलं, आणि तू म्हणालीस की येतो, तुमची नाक कापली गेली असेल, माझी नाक शाबूत आहे. आपण दोघी हसलो तेव्हा त्यांना वाटलं, बायांना वेड लागलं. नंतर सगळं समजावून सांगावं लागलं, सिस्टर क्लेमेन्सपासून.

चार वाजता तुझी रिक्षा निघाली. खोलीत पू सांडला होता, गॉजचे बोळे पडले होते, फरशी चिकट होती. मी बादली उचलली. त्यांनी एकदम हात वर केला. म्हणाले, ठेव ते. अजून कोपऱ्यावर असन ती. काही विसरली असन तर परत येईन. मी म्हटलं, अहो, ही घाण आहे, ही पुसायलाच हवी. ते म्हणाले, ती अकोल्याले पोचल्याचा फोन येऊ दे, मग पूस.

अडीच तास आम्ही तसेच बसून होतो. मी खुर्चीवर, ते पलंगावर, मधे ती फरशी. माश्या आल्या. मला चार वेळा उमासे आले, त्यांनाही आले, स्वतःच्याच पायाचे. मी पदर मांडीवर धरून ठेवला, वर नेला नाही. साडेसहाला तुझा फोन आला. मग मी बादली घेतली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. कडुलिंबाचं पान चावताना म्हणाले, डॉक्टरले फोन लाव. का, ते सांगितलं नाही. मी लावला.

काल दुपारी त्यांनी तुझ्यासाठी एक प्रश्न दिला आहे, वकिली आहे, रागावू नकोस. तुमच्या येशूने त्या भावाला उठवला ते ठीक, पण चार दिवसांच्या त्या माणसाला नंतर आंघोळ कोणी घातली? मी म्हटलं, बहिणींनीच घातली असेल, दुसरं कोण घालणार?

तू अजून मला माफ केलं नाहीस, ते ध्यानात आहे. घाई करू नकोस. परवा मी सगळं घर शोधलं, तू काही विसरून गेलीस का म्हणून. काहीच नाही, पिनसुद्धा नाही.

पुढल्या वेळी येशील तेव्हा ऊन असलं तरी, नसलं तरी, छत्री आण. आणि इथे विसरून जा.

तुझी,
तारा