राखाडी कोट झाला का

३ मार्च

दोन ओळी! माझा जन्म वाफेत गेला, आणि नात म्हणते दुकानाबद्दल दोनच ओळी लिहायच्या. जास्त लिहिलं तर यंत्र कापतं आणि पुढे तीन टिंबं देतं. वर मला ऐकवते — "आजी, तू बोलतेस तेवढं तिथे मावत नाही." मावत नाही म्हणे! शिंपीसुद्धा कात्री लावायच्या आधी माप घेतो.

तिचं कामच ते आहे. लोक मोबाइलवर काहीतरी शोधतात. मग दुकानांची नावं एकाखाली एक येतात आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात दोन ओळी असतात. त्या ओळी ही लिहिते, घरी बसून. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, गादीवाल्यांच्या. हा पण एक धंदा!

आता आमच्या लाँड्रीचं पान केलंय. बरं आहे. फोटोत माझं नाक मोठं आलंय.

५ मार्च

तिने ओळी वाचून दाखवल्या. "उत्कृष्ट सेवा, अनुभवी हात, आपल्या वस्त्रांची प्रेमाने काळजी." मी म्हटलं, हे लाँड्रीचं आहे की पाळणाघराचं? लोकांच्या विजारींवर कोण प्रेम करतंय इथे?

सून इस्त्री उभी करून हसली. हसली की तिच्या ओठाखालचा व्रण ताणला जातो. हल्ली हसते. समोरच्या चष्मेवाल्याचं श्रेय. माझं नाही.

नात फुगली. "मग तू सांग. पण नीट ऐक. शोधणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी. बढाई नको. पानावर जे खरोखर आहे तेच लिहायचं, नाहीतर यंत्र आपली ओळ फेकतं आणि स्वतःच कुठलीतरी उचलून लावतं. आणि शेवटी माणसाने काय करायचं ते सांगायचं — या, फोन करा, घेऊन जा."

मी सांगितलं — "डाग निघणारा असेल तर काढू. नसेल तर तोंडावर सांगू. आज टाका, उद्या न्या."

पोरगी बघतच राहिली. "आजी, हे जमलं!"

यात जमायचं काय? गिऱ्हाइकाशी मी असंच बोलते.

९ मार्च

गिऱ्हाईक वाढलंय. एक जण तर आत शिरतानाच म्हणाला, "सांगा आजी, तोंडावर." शर्टाच्या खिशाला शाई. सांगितलं — जाणार नाही, शर्ट पुसायला घे. खूश होऊन गेला! माणसांचं काही कळत नाही.

१२ मार्च

चष्मेवाला आला. काउंटरसमोर अपराध्यासारखा उभा. "मावशी, तुमची परवानगी हवी होती."

"मला काय विचारतोस? लग्न तिच्याशी करतोयस. तिला विचार. आणि माझ्या चष्म्याची काडी ढिली झालीय, ती बघ."

काडी तिथेच बसवून दिली. ३० तारखेला नोंदणी कचेरीत सह्या करायच्या ठरल्या. सून आत जाऊन रडली. मग तोंड धुऊन इस्त्रीखाली पडदे दाबायला लागली. बाई असावी तर अशी.

शेजारीण कुजबुजली — "मुलाची बायको दुसऱ्याला देताय?" देताय म्हणजे? ती काय उशीचा अभ्रा आहे?

माझा मुलगा जाऊन जमाना झाला. नात तेव्हा रांगत होती. ट्रक पुलावरून खाली गेला. ओळख पटवायला मीच गेले होते. बूट ओळखले, मग हात ओळखले. तो गेला यात शंका घ्यायला जागा नाही. लोकांनी मला खूप धीर दिला. लोकांना काय माहीत!

१६ मार्च

कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाई कोट टाकायला आल्या. म्हणाल्या, "आजी, कोट धुणारे कोण आहेत म्हणून शोधत होते, तर तुमच्या नावाखाली काय लिहिलंय ते! 'राखाडी कोट तयार आहे. घेऊन जा.' कुणाचा हो? त्याची एवढी दवंडी?"

मी म्हटलं, बाई, डोळे तपासून घ्या, समोरच दुकान आहे. त्यांनी मोबाइल पुढे केला. मी एकेक अक्षर लावून वाचलं. तेच होतं.

नातीला विचारलं. "मी नाही लिहिलं गं! आपली ओळ बाजूला टाकून यंत्राने पानातलं काहीतरी उचललं असेल." मग पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. शर्ट आहेत, पडदे आहेत, रजया आहेत. राखाडी कोट कुठेच नाही.

ती म्हणाली, "विचित्रच आहे."

मी पडदे मोजायला घेतले. मोजलेलेच पडदे पुन्हा मोजतेय हे तिला जास्त विचित्र वाटलं.

१७ मार्च

राखाडी कोट आहे. पानावर नाही, मागच्या दांडीवर. अगदी टोकाला, कापडी पिशवीत. माझ्या मुलाचा.

अपघाताच्या दिवशी सकाळी त्याने काउंटरवर टाकला होता. "आई, हा काढून ठेव. झाला की कळव, घ्यायला येतो." बाहीवर डाग. मला विचारावं लागलं नाही. रक्ताचा डाग कसा सुकतो ते मला माहीत आहे. आत सून ओठाला फडकं दाबून बसली होती. रांगती पोर तिच्या पदराला धरून.

मी कोट धुतला नाही. संध्याकाळपर्यंत तो गेल्याचं कळलं. तरी धुतला नाही. सगळ्यांना वाटतं म्हातारीने मुलाची आठवण ठेवलीय. वाटू दे. आमच्या धंद्यात साधा नियम आहे. झाला नाही तो कपडा कुणी मागायला येत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त कोट धुतला नाही, एवढंच.

१९ मार्च

नात माझ्याजवळ येऊन बसली. लॅपटॉप मांडीवर. आवाज खाली.

"आजी, एक गोष्ट आहे. ती ओळ सगळ्यांना एकसारखी दिसत नाही. माणूस काय शोधतोय ते बघून यंत्र ओळ बदलतं. त्याच्या प्रश्नाला जुळेल अशी लावतं. म्हणजे कुणीतरी कोटाबद्दल विचारतंय."

"शाळेतल्या बाई विचारत होत्या की."

"त्यांच्या आधीपासून." मग तिने यादी दाखवली. लोकांनी काय काय शब्द टाकले म्हणजे आमचं पान पुढे येतं, ते तिला दिसतं. जवळची लाँड्री. पडदे धुणे. शाईचा डाग. आणि मध्येच —

माझा राखाडी कोट झाला का

आधी तीन-चार दिवसांनी एकदा. मग दिवसाआड. आता रोज. पान केलं त्याच दिवसापासून.

"कुठून विचारतंय?"

"बाकीच्यांचं गाव दिसतं. इथे रिकामंच आहे." मग म्हणाली, "आजी, बाबांचा कोट राखाडीच होता ना?"

पोरीला बाप आठवत नाही. म्हणूनच तो तिला आवडतो. मी म्हटलं, जगात राखाडी कोट काय एकच आहे? जा, दिवे लाव.

२१ मार्च

आज दुपारी दुकान रिकामं बघून पिशवी सोडली.

कोट स्वच्छ आहे. बाहीवर काही नाही. कॉलर दाबलेली, खिसे सपाट. पावती दुसऱ्या काजाला, टाचणी आतून बाहेर, टोक परत कापडात. अशी टाचणी मी लावते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या बोटाला लागत नाही. सुनेला ते कधी जमलं नाही, ती सरळच टोचते. नातीने तर टाचणी हातात धरली नाही.

अजून एकालाच मी ती शिकवली होती. काउंटरवर बसवून. सहा-सात वर्षांचा असेल.

पिशवीचं तोंड बांधलं. होती तिथेच टांगली. 

२२ मार्च

नातीला सगळं सांगितलं. डागासकट. सांगितलंच पाहिजे होतं, आज ना उद्या. रडली नाही. आईकडे बराच वेळ बघत राहिली, इस्त्रीच्या टेबलाकडे. मग कामाचं बोलली. माझ्यावर गेलीय.

"आपण उत्तर देऊ. विचारणाऱ्याला हवं ते ओळीत सापडलं की तो पुढे जातो."

मी सांगितलं, लिही — "राखाडी कोट झालेला नाही. येऊ नकोस."

तिने पानावरही टाकलं आणि ओळीतही.

२३ मार्च

फेकली! यंत्राने आमची ओळ फेकली. सकाळी पुन्हा तेच — राखाडी कोट तयार आहे. घेऊन जा.

नात म्हणाली, "खोटं लिहिलं की टिकत नाही, आजी." मग स्वतःच दचकली.

पोरीचं बरोबर आहे. कोट झालाय. मी नाही म्हणून काय होतं? ओळ खोटी असेल तर ती खरी करायला हवी.

२४ मार्च

मोठी कढई चढवली. पाणी खळखळ उकळू दिलं. नवशिका कामगार पहिली चूक हीच करतो — लोकर उकळत्या पाण्यात. मी जन्मात केली नव्हती. आज मुद्दाम केली. वरून साबण, वरून दांडका.

पाणी आधी राखाडी झालं. मग तांबूस. स्वच्छ कोटातून कुठून आलं ते विचारू नये.

बाहेर काढला तेव्हा तेवढासा झाला होता. रांगत्या पोराला होईल एवढा. कडक, बुटक्या बाह्यांचा.

सून वास घेत आत आली. कोट ओळखला. बटणांवरून असेल. बोट आपोआप ओठाखाली गेलं.

"आई — हा तुम्ही धुतलाच नव्हता?"

"नाही."

"मला वाटायचं, तुम्ही जपून ठेवलाय."

"जपूनच ठेवला होता."

 तिने येऊन कढईचा दुसरा कान धरला. दोघींनी मिळून पाणी मोरीत ओतलं.

२५ मार्च

नवी ओळ. मी सांगितली, नातीने लिहिली — "राखाडी कोट आटला. आता कुणाला होणार नाही. चूक मालकिणीची. बोलायचं तर तिच्याशीच बोला."

"शेवटचं कशाला?" नात म्हणाली.

"तूच ना म्हणालीस, माणसाने काय करायचं ते शेवटी सांगावं?"

२६ मार्च

टिकली. आमचीच ओळ आहे. टिंबंसुद्धा नाहीत.

२७ मार्च

कुणी विचारलं नाही. यादीत पडदे, रजया, शाई. चष्मेवाला नवा शर्ट दाबायला घेऊन आला. सून म्हणे मीच दाबते. मी म्हटलं, दाब, पण पावती फाड.

२८ मार्च

आजही नाही. रात्री छान झोप लागली. घोरले म्हणे. घोरू दे.

२९ मार्च

नात दारातच उभी. मोबाइल पुढे करते, हात मागे घेते. मी हिसकावून घेतला.

यादीत नवीन आलंय —

तिथे माझं अजून काय आहे

आणि खाली, आमच्या दुकानाच्या नावाखाली, यंत्राची ओळ. आम्ही कुणीही न लिहिलेली. एक अक्षरही कापलेलं नाही.

आहे. इस्त्रीच्या टेबलाशी उभी आहे. घेऊन जा.

मी मान वळवली. सून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. उद्याचा स्वतःचा पोशाख दाबत होती. गुणगुणत होती.

३० मार्च

सह्या झाल्या. आता ती माझ्या मुलाची बायको नाही. यंत्राची ओळ खोटी ठरली.

नातीकडून नवी लिहवून घेतली. पोरगी हमसाहमशी रडत होती, तरी एकेक अक्षर बरोबर टाकलं — "तुझं इथे आईशिवाय काही नाही. ती तयार आहे. दाराशी ये."

लगेच टिकली. खरी आहे ना.

केस विंचरलेत. दाराजवळ खुर्ची ओढून बसलेय. घरात सगळ्यांना बजावलंय — थाप पडली तर सुनेने उठायचं नाही, नातीने उठायचं नाही, चष्मेवाल्याने तर मुळीच नाही. ओ मी देणार. दार मीच उघडणार.