बर्फावर दिलेला खांदा

दस्मान, कुवेत
माघ पौर्णिमा

ती. गणपतदादा यांस,
सुदेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

सोमजाईच्या कृपेने इथे सर्व ठीक आहे. तुमचा गुडघा, शीलावहिनींचा खोकला आणि परसातला तो फळ न धरणारा फणस, हे तिघे कसे आहेत ते कळवावं. पत्र बघून दचकू नका. फोन करता आला असता, पण तुमच्याकडे फोन लागला की वहिनी तो स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवतात, आणि मी इकडे शिंकलो तरी खालच्या वाडीतून औषध सुचवलं जातं. हा मजकूर ओटीवर ठेवण्यासारखा नाही. इथे फरवानिया भागात राहणारा आपल्या वरच्या आळीतला सुयोग (प्लंबर) सुट्टीवर येतोय, त्याच्या बॅगेत खजुराच्या डब्याखाली हे पत्र ठेवलं आहे. खजूर घरात द्यावा, पत्र एकट्याने वाचावं. अक्षर वाकडं आहे कारण ते डाव्या हाताचं आहे. उजवा गळ्यात बांधलेला आहे. त्याने मी कागद नुसता दाबून धरला आहे.

शिमग्याची रजा मंजूर झाली. गेल्या वर्षी गावकीच्या बैठकीत ठरलं ते मी विसरलेलो नाही. सुदेश यंदाही आला नाही, तर पालखीच्या पुढच्या खांद्याचा आमच्या घरचा मान भावकीतल्या तुमच्या घराकडे जाईल. त्यात गैर काही नाही. मी इकडे आल्यापासून माझ्या जागी तुम्हीच उभे राहता, आणि देवीने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मी येणार आहे. फक्त येण्याआधी हात का बांधला ते तुम्हाला माहीत असावं.

मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करतो त्या बू सालिमच्या घरचे सगळे या थंडीत जॉर्जिया देशात बर्फ बघायला गेले. त्यांच्या आई शरीफाबाई माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत, म्हणून तांदूळ, मसाले आणि मी असं सामान बरोबर घेतलं होतं. दादा, बर्फाबद्दल लोक जे बोलतात ते खरं नाही. जिकडे पाहावं तिकडे तांदळाची पिठी सांडल्यासारखं दिसतं आणि कशालाच वास नसतो. ज्याचं आयुष्य वासावर चाललंय अशा माणसाला तिथे आपण आहोत की नाही अशी शंका येते. शांतता इतकी, की माणसाला आपली पापं आठवावीत. (मला दोन आठवली. बाकीची जेवणाच्या वेळेमुळे राहिली.)

शरीफाबाईंचं वय झालं आहे. मरायच्या आत एकदा ढगाच्या वर उभं राहून खाली बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. वर जायला स्नोमोबाईल नावाचं वाहन असतं. पुढे दोन फळ्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा, आणि मध्ये मोटारसायकलची बैठक. नातवंडं ते असं हाकत होती की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. म्हातारीने फर्मान काढलं, की मला सुदेश नेईल. इतकी वर्षं त्याने मला मीठ बेताचं दिलंय, वेगही बेताचाच देईल. मी म्हटलं, बाई, मला सायकलचीसुद्धा उतारावर भीती वाटते. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

शिकवणारा एक दाढीवाला होता. त्याला तीन इंग्रजी शब्द येत होते आणि त्यांतला मला एक कळत होता. उजव्या अंगठ्याखाली एक खटका असतो, तो दाबला की गाडी पळते. यात मोठी खोच आहे. घाबरल्यावर माणूस मूठ घट्ट आवळतो, म्हणजे जितका घाबरेल तितका वेग वाढतो. (हे ज्याने केलं त्याला माणसांचा काही राग असावा.) मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दाढीवाला "ईझी, ईझी" म्हणत मागून धावत होता, आणि मी देवीचं नाव घेत एका कुंपणाकडे चाललो होतो. कुंपण पडलं. ते जुनंच असावं.

दुसऱ्या दिवशी थोडं जमलं. त्याने मला खुणेने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: उतारावरून आडवं जाताना गाडी खाली कलते, तेव्हा अंग वरच्या बाजूला टाकायचं. मी मान हलवली. मग त्याने एक लाल दोरी गाडीला लावली आणि तिचं दुसरं टोक माझ्या कोटाला अडकवलं. मला बरं वाटलं. परक्या मुलखात कुणी आपल्याला लाल दोरा बांधतं म्हणजे काळजीनेच ना. मी तो कपाळाला लावला. मागाहून कळलं, की माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं, एवढाच तिचा उपयोग.

मला हे आधी कळलं असतं, तर शरीफाबाई मागे बसल्यावर ती दोरी मी माझ्या कोटावरून काढून त्यांच्या मनगटाला बांधली नसती. पण वडीलधारं माणूस मागे बसलेलं असताना राखण आपल्यालाच बांधून घ्यायची हे मनाला पटेना.

निघालो. मागून त्यांचं "शुवय शुवय", म्हणजे हळू हळू, चाललं होतं आणि मध्येच अल्लाचं नाव. पुढे मी सोमजाईचं घेत होतो. दोघांच्या देवांनी मिळून पहिलं वळण पार केलं. मग उतार लागला आणि गाडी उजवीकडे कलली. दादा, आता तुम्हीच सांगा. लहानपणापासून आपल्याला काय शिकवलं? पालखी ओढेल तिकडे अंग सैल सोडायचं, अडवायचं नाही, आणि कलली तर कलेल त्या बाजूला खांदा द्यायचा. मी विचार केलाच नाही. हँडल सोडलं, कललेल्या बाजूला झुकलो आणि गाडीखाली उजवा खांदा दिला.

गाडीला खांदा नको होता. मी बर्फात पडलो, आणि आतलं हाड मोडल्याचा आवाज मला सुकी काटकी मोडावी तसा स्पष्ट ऐकू आला. दोरी बाईंच्या हाताला, त्यामुळे इंजिन काही बंद पडलं नाही. गाडी सरळ झाली आणि त्यांना घेऊन उतारावरून सावकाश खाली निघाली. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, वर काळ्या शालीत ताठ बसलेल्या शरीफाबाई. पालखीच ती. मऊ बर्फात जाऊन ती आपसूक थांबली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. मला पडल्या पडल्या हात जोडावेसे वाटले, पण एकच हात वर आला.

आता इथे कुवेतला शरीफाबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात आणि मला कांदासुद्धा चिरू देत नाहीत. परवा त्यांनी विचारलं, हँडल का सोडलंस? मी पालखीचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वाट देव ठरवतो, तुम्ही नुसतं वाहायचं."
मी हो म्हटलं.
"अरे वेड्या, पण मागे देव नव्हता. मी होते."


डॉक्टर म्हणतो, पाऊस लागेपर्यंत खांद्यावर काहीही घ्यायचं नाही. तेव्हा मान तुमच्याकडे गेला तरी मला दुःख नाही. घरातल्या घरातच आहे. मी बाजूला उभा राहून दर्शन घेईन.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. माझ्या घरी सौ. रत्नमालाला यातलं काही बोलू नये. तिला मी न्हाणीघरात घसरलो असं कळवलं आहे, आणि तिने ते लगेच खरं मानलं याचं मला जरा वाईटच वाटलं.

तुमचा,
सुदेश

ता. क. दुःख नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. दादा, देवळातून पालखी निघते तेव्हा पहिला खांदा उजवाच द्यावा लागतो, आणि तो माझ्याच्याने होणार नाही. पण दांड्याखाली तुम्ही माझ्या लगेच मागे उभे राहिलात तर? तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहात. भार उंच माणसावर जातो. दांडा माझ्या खांद्याला नुसता टेकेल, ओझं तुमचं. सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी टेकेपर्यंत एवढंच. गावाला कळणार नाही. देवीला कळेल, पण तिला मी आधीच सांगून ठेवलं आहे. जो मान तुम्हाला मिळणार तो माझ्यासाठी वाचवायला तुम्हालाच सांगतोय, हे मला कळतं. दुसऱ्या कुणाला सांगू?

ता. क. दुसरा. उत्तर लिहू नका आणि फोनही नको. आपले आबा पालखीच्या दांड्याखाली खांद्यावर घ्यायचे ती घोंगडीची घडी तुमच्या पेटीत आहे. होकार असेल तर पत्र मिळाल्यावरच्या पहिल्या रविवारी ती अंगणात तारेवर उन्हात टाका. रत्नमालाला मी फोनवर सहज विचारेन, की दादांच्या तारेवर आज काय वाळतंय. ती लुंगी म्हणाली तर मी समजेन, आणि बाजूला उभा राहीन.