टेबलाचा खोकला

लंडन, २२ एप्रिल २००२

ती. विनीआत्यास,
बेथनीचा सा. न. वि. वि.

टेबल सुखरूप पोचलं हे वाचून जीव भांड्यात पडला. तू विचारलंस, असलं टेबल विकत घेणार कोण? अगं, कुणी घेऊच नये म्हणून केलंय! आमच्या डिझाइनच्या शाखेत वस्तू विकायला नाही, लोकांना विचारात पाडायला करतात. समज, पन्नास वर्षांनी सगळेच एकटे जेवतात, आणि एखादी कंपनी हे टेबल काढते. एक ताटली ठेवली की समोरच्या रिकाम्या बाजूने पेपर चाळल्याचा, चहा ढवळल्याचा, मधूनच खोकल्याचा आवाज येतो. ऐकून अंगावर काटा यावा, असलं जग नको रे बाबा असं वाटावं, एवढाच हेतू.

जूनमध्ये प्रदर्शन आहे, त्यावरच माझी पदवी. तोवर रोज त्यावर न्याहारी कर आणि किती भीती वाटली ते खरंखरं लिही. मार्मालेड सांडू नकोस.

माझ्यावर आहे त्यातला थोडा लोभ टेबलावरही असू दे.

तुझी बेथनी

हॅलिफॅक्स, ६ मे

चि. बेथनीस,
अनेक आशीर्वाद.

भीती कसली? मला तर झकास वाटतंय! पहिल्या दिवशी पेपर सळसळला तेव्हा दचकले. दुसऱ्या दिवशी सवयीने सांगून बसले की आधी टोस्ट खा, गार होतोय. क्लिफर्ड गेल्यापासून या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी आवाज केला नव्हता गं. तुझे काका पेपर वाचताना सरकारला शिव्या द्यायचे. हा बिचारा सभ्य आहे. मी काहीही बोलले तरी उलटून बोलत नाही. एवढी फी घेऊन तुला माणसं घाबरवायला शिकवतात आणि तेही तुला जमत नाही, कमाल आहे!

खोकतो मात्र फार. कोण आहे तो?

लोभ वाढवावा, टेबल परत मागू नये.

तुझी आत्या

लंडन, २० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू माझी पदवी बुडवणार! सरांना तुझं पत्र दाखवलं, तर ते हसून म्हणाले की टेबल आत्याबाईंनाच विकून टाक. मीही हसले असते, पण परवा तुझ्या शेजारच्या मॉरीनचं पत्र आलं. तू गुरुवारचा पत्त्यांचा डाव सोडलास म्हणे. ती सकाळी आली, तर घरात माणूस न्याहारी करतंय असं सांगून तू दार लावून घेतलंस.

काटा माझ्याच अंगावर आला, आत्या. जे होऊ नये म्हणून टेबल केलं, तेच तुझ्या घरी झालं, आणि पाठवलं मीच. फार वाईट वाटतंय. शनिवारी व्हॅन येईल, भांडू नकोस. खोकणारा म्हणजे आमच्या कॉलेजचा पहारेकरी डेस्मंड. आवाज भरत होते तेव्हा तो शेजारी खोकत होता, म्हटलं हाही घ्यावा.

लोभ असू दे, माझ्यावर आणि मॉरीनवरही.

तुझी बेथनी

हॅलिफॅक्स, २५ मे

चि. बेथनीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

टेबल व्हॅनमध्ये चढवलं. मॉरीनच्या चहाडीचा वचपा गुरुवारी पत्त्यांत काढते. पण खरं सांगू? व्हॅन आली नसती तरी मीच ते परत धाडणार होते. तो खोकला मला ऐकवेना.

सोबत मधाची बरणी आहे. ती डेस्मंडला दे, आणि आधी त्याला डॉक्टरकडे ने. मग पुढच्या रविवारी जेवायला घेऊन ये. सरकारला शिव्या देणारा असला तर उत्तमच.

प्रदर्शनात लोक विचारतील की यात एवढं भिण्यासारखं काय आहे. त्यांना सांग, माझी आत्या रोज सकाळी समोरच्या बाजूला गरम मध-लिंबाचा पेला ठेवायची. खोकला काही थांबायचा नाही. पेला गार व्हायचा, आणि मग तो तीच प्यायची.

लोभ आहेच. ये.

तुझी विनीआत्या