चाळीस डोकेदुख्या

तंजावूर, दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थरूप सुप्रभाअक्कास,

धाकट्या गुरुराजचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आणि भावजींचा स्वभाव? (दोन्ही दुखणी जुनीच, म्हणून एकत्र विचारतो.) पुण्यात राहून तुझी तमिळ लिपी गंजली, म्हणून देवनागरीत लिहितो आहे, ऱ्हस्वदीर्घ तपासत बसू नकोस. इकडे सर्व क्षेम. फक्त तुझी भावजय वासुकी आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. का, ते सांगतो.

राजवाड्यामागच्या गल्लीतली कनकलता आठवते ना? आपल्या त्या डोकं डोलवणाऱ्या बाहुल्या करते. यंदा नवरात्रासाठी तिने हौसेने पहिल्यांदाच छापील खोकी करून घेतली. छापायचं होतं 'तलैयाट्टि बोम्मै', म्हणजे डोकं हलवणारी बाहुली. छापखान्याने छापलं 'तलैवलि बोम्मै', म्हणजे डोकेदुखी बाहुली! खाली हसऱ्या नर्तकीचं चित्र. मी कोळूसाठी बाहुली घ्यायला गेलो (तुमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडत नाहीत, हे तुमचं दुर्दैव), तर ही बिचारी डोळे पुसत एकेका खोक्यावरच्या चुकीवर लेबल चिकटवत होती.

आता अक्का, निवृत्त माणसाला वाचायला वेळच वेळ. नुकतंच मी मोबाईलवर वाचलं होतं की संग्रहाच्या खेळण्यांत खोक्यावरची चूक म्हणजे सोनं. अट एकच, खोकं उघडायचं नाही. मी ओरडलो, "कनका, हात थांबव!" तिला वाटलं, विंचू निघाला. लेबल न लागलेली चाळीस उरली होती, बाहुल्यांसकट ती सगळी मी घेतली. रिक्षात चढवताना ती म्हणाली, "अण्णा, माझी फजिती घरी नेऊन काय करणार?"

काय केलं? पायऱ्यांवर मांडली. बंद. वासुकीला एकही उघडू दिलं नाही. कुंकवाला आलेल्या बायकांनी सात पायऱ्या 'डोकेदुखी' वाचली आणि वासुकीकडे पाहिलं. वासुकीने माझ्याकडे पाहिलं. (त्यानंतरच्या जेवणात मीठ नव्हतं.)

नवमीला, मी मोबाईलवर शोधून बोलावलेले मुरलीकृष्ण नावाचे संग्राहक चेन्नईहून आले. पांढरे हातमोजे घालून त्यांनी खोकं असं उचललं, जसं बाळंतिणीचं मूल. म्हणाले, चूक छपाईतली आहे हे उत्तम; आत भलतीच बाहुली असती तर कुणीही अदलाबदल केली असं म्हणता आलं असतं. "पण अशी खोकी किती आहेत?" मी छाती फुगवून सांगितलं, "जगात चाळीस." त्यांना खात्री हवी होती, म्हणून कनकलताकडे गेलो.

दारात ही गर्दी! आमच्याकडे कुंकवाला आलेल्या त्याच बायका. कुणाला डोकेदुखी सासूसाठी हवी, कुणाला साहेबासाठी. कनकलताने तीच चूक आणखी पाचशे खोक्यांवर छापून घेतली होती, तीही ठळक जांभळ्या अक्षरांत.

मुरलीकृष्णांनी हातमोजे काढून खिशात ठेवले. "सर, एकदा झाली तर चूक. पाचशे वेळा मुद्दाम केली की ते नाव." मग स्वतःच्या मेव्हण्यासाठी एक जांभळी घेऊन ते बसस्टँडवर गेले.

मी पायरीवर मट्‍कन बसलो. कनकलताने कॉफी आणून दिली. "अण्णा, तुम्ही ओरडला नसतात तर सगळी खोकी झाकून मी गप्प बसले असते. आता माझं नाव कुंभकोणमपर्यंत गेलंय." खरं सांगतो अक्का, बरं वाटलं. कॉफी संपेपर्यंत तरी वाटलं.

असो. हा नाद मी कायमचा सोडला आहे. भावजींना नमस्कार.

तुझा,
गुरुराज

ता. क. आमची लेक अंबा रविवारच्या गाडीने पुण्याला येते आहे. तिच्याबरोबर चाळीस खोकी पाठवतो. तुझा माळा रिकामा आहे असं कळलं. वीस वर्षं ठेव. मुरलीकृष्णांना काही कळत नाही. पहिल्या छपाईची गोष्टच वेगळी. मात्र उघडू नकोस, ऊन दाखवू नकोस, आणि भावजींना तर अजिबात दाखवू नकोस.

ता. ता. क. अक्का, मी वासुकी. मला देवनागरी येत नाही असं यांना वाटतं. हे परवा देवळात गेले तेव्हा मी चाळीसही बाहुल्या काढून कुंकवाच्या बायकांना वाटल्या. खोक्यांत आपला तिरुवैयारूचा नवा तांदूळ भरून पुन्हा चिकटवली आहेत. पोहोचताच उघडा, नाहीतर किडे होतील. भात मऊ होतो, पाणी बेतानं घाला.