चौदाव्या पानावरची सही

२७ जून १९८८, सोमवार

आलो बुवा एकदाचा भिवंडीत. मिरजेहून एक ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा, एवढ्या संसारासह. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची कायम नोकरी! कामतघर भागात खोलीही फक्कड मिळालीय. मोठी खिडकी, टेबल, दोन खुर्च्या, टेबलाला खण. फक्त खाली लूमचा कारखाना आहे आणि चोवीस मागांची खडखड जमिनीतून थेट पायांत चढते. तिथे दत्तूमामा नावाचा जॉबर आहे, मागांची दुरुस्ती तोच बघतो. तो म्हणाला, आठ दिवसांत सवय होईल, मग शुक्रवारी लूम बंद असले की तुम्हालाच चुकल्यासारखं वाटेल. मी म्हटलं, बघू.

१४ जुलै, गुरुवार

प्रिन्सिपॉलसाहेबांनी यंदा नवंच खूळ काढलंय. बारावीच्या प्रत्येकाने आपला आपण विषय निवडून स्वतंत्र संशोधन करायचं, त्याची वही ठेवायची. विद्यापीठात जाण्याआधी मुलांना स्वतःच्या डोक्याने काम करता यावं म्हणे. सगळ्यांत चांगली वही डिसेंबरात विद्यापीठाच्या प्रदर्शनात जाणार. मार्गदर्शक कोण, तर अस्मादिक. एकतीस वह्या!

निम्म्या पोरांनी सौरचूल आणली. एक बकुळा तेवढी वेगळी निघाली. इथलीच, बौद्धवाडीतली, आई शेवंताबाई दवाखान्यात आया आहे. हिचा विषय लूम कामगारांचे कान. घड्याळ कानापासून लांब नेत जायचं, टिकटिक ऐकू यायची थांबली की पट्टीने अंतर मोजायचं. पहिला प्रयोग तिने माझ्यावरच केला, माझंच चावीचं घड्याळ मागून घेऊन. तीस इंच. दत्तूमामाचे भरले दोन. इंजिनिअर व्हायचंय म्हणते. होईल, पोरगी तशीच आहे.

२० ऑगस्ट, शनिवार

वह्या तपासायचा माझा एक खाक्या आहे. पान उलटायचं, 'बघितले' लिहायचं, सही, तारीख, पुढचं पान. पाऊण तासात एकतीस वह्या हातावेगळ्या. आज बकुळाने बरोबर पकडलं.

"सर, तुम्ही वाचत नाही. नुसती सही करता."

हसत म्हणाली, पण म्हणाली. मीही हसलो. अगं, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग जरा मास्तरकी दाखवायला शेरा ठोकला, की चालू मागाजवळ बसून पूर्ण शिफ्टचे आकडे घेतल्याशिवाय वही प्रदर्शनाला पाठवणार नाही. ती म्हणाली, मग तुम्हीही या एक दिवस. कबूल केलं.

१७ सप्टेंबर, शनिवार

लिहायला हवं.

अकराला खाली कारखान्यात गेलो. आत चालायला जागा नाही, म्हणून दत्तूमामाने मला दाराजवळ, मेन स्विचपाशी उभं केलं. आवाज असा की कानाशी तोंड लावून ओरडलं तरी कळत नाही. कामगार हातांनीच एकमेकांशी बोलतात. बकुळा सातव्या मागाजवळ पट्टी आणि घड्याळ घेऊन वाकली होती. मग मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं आणि तळवा डोक्यावर ठेवला. मला वाटलं, आवाजाने डोकं उठलं असेल बिचारीचं. मी हसलो. छान चाललंय अशा अर्थी मान हलवली. तिने परत तळवा डोक्यावर आपटला. मी परत मान हलवली.

दत्तूमामा पलीकडून धावत आला, मला ढकलून त्याने स्विच पाडला. तोवर तिची ओढणी मागाच्या फिरत्या पट्ट्यात पुरी गुंडाळली गेली होती.

दवाखान्यात नेलं तेव्हा शेवंताबाईंचीच ड्युटी होती.

१९ सप्टेंबर, सोमवार

दत्तूमामाने जिन्यात गाठलं. "सर, स्विच तुमच्या हाताशी होता. पोरीचा हात दिसला नाय काय तुम्हाला?"

नाही दिसला म्हणालो. चक्क खोटं.

वर येऊन माझ्याकडेच राहिलेली तिची वही उघडली. पान चौदा. 'लूमवरच्या खुणा.' पहिलीच खूण: तळवा डोक्यावर, म्हणजे मेन स्विच बंद कर. शेजारी छोटं चित्रही काढलंय. खाली माझी सही. बघितले. २० ऑगस्ट. म्हणजे तिला वाटलं असणार, सरांना खूण माहीत आहे.

ते पान फाडलं. जाळायचं होतं, जाळवलं नाही. या डायरीत दडवलंय. स्वतःची किळस येते.

३ ऑक्टोबर, सोमवार

शेवंताबाई आल्या होत्या. "वही तेवढी द्या सर. तिच्या हातचं अक्षर हाय त्यात."

म्हटलं, विद्यापीठात गेलीय. त्यांनी लगेच मान्य केलं. वर माझ्यासाठी भाकरी आणि सुकट आणली होती, मी एकटा राहतो म्हणून. तशीच झाकून ठेवली.

त्या गेल्यावर खणातून वही काढली. कामगारांच्या तक्त्याखाली एक नवी ओळ. तिचंच अक्षर, तीच निळी शाई.

'सर. २२ इंच.'

घड्याळ कानाला लावून लांब नेलं. पट्टीने मोजलं. बावीस.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

लूम बंद. भर दुपारी गल्ली शांत, आणि माझ्या पायांत खडखड चालू. खाली जाऊन आलो. कारखान्याला कुलूप.

वहीत '९ इंच'.

बाजारात टोपलीवाली समोरून आली, हात डोक्यावर. काल वर्गातही एक मुलगा केस बसवत होता — मी खडू टाकून बाहेर पडलो.

तक्त्यात शेवटचा रकाना. 'मार्गदर्शकाची सही.' रिकामा होता. मी सही केली. करून झाल्यावर कळलं. सवय —

१२ ऑक्टोबर, बुधवार

४ इंच. मुलांचे नुसते ओठ हलताना दिसतात. बाकी खडखड. गळ्याशी सकाळपासून काहीतरी आहे. कॉलर काढली तरी —

सांगून टाकावं शेवंताबाईंना. सगळं. नोकरी जाईल, जाऊ दे. मिरजेत आईला काय सांगू पण —

वही देतो. पान चौदा नाही. ते नाही देववत मला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

निरोप पाठवला होता, विद्यापीठातून वही परत आली म्हणून. आणखी एक खोटं.

दुपार. त्या आल्यात. समोरच्या खुर्चीत बसून एकेका ओळीवर बोट फिरवतायत. डोळे भरलेत, तरी हसतायत. काहीतरी बोलल्या. ऐकू आलं नाही. त्यांच्याकडे बघवत नाही म्हणून मान खाली घालून लिहितोय —

घड्याळ कानाला टेकवलं. काही नाही. शून्य.

गळ्याला ओढ. मागून. ओढणीसारखं मऊ — आवाज फुटत नाही —

डावा हात आपोआप वर गेला. तळवा डोक्यावर. त्यांनी बघितलं.

त्यांना खूण माहीत नाही. कशी असेल. पान इथे, या डायरीत, माझ्याच कोपराखाली —

परत आपटला तळवा. शेवंताबाई बघतायत माझ्याकडे. हसल्या. मान हलवतायत, छान, छान म्हण